शिफ्ट कुठून मोजायची?

दीपिका पदुकोणने दिवसाला आठच तास काम करीन म्हटलं, म्हणून २०२५ मध्ये आमच्या धंद्यात केवढं वादळ उठलं! मे महिन्यात ती ‘स्पिरिट’ या सिनेमातून बाहेर पडल्याच्या बातम्या आल्या. सप्टेंबरमध्ये ‘कल्की २८९८ एडी’च्या पुढच्या भागात ती नसेल, असं निर्मात्यांनीच जाहीर केलं. मग ज्याने कधी सेटचं तोंड पाहिलं नाही, तोही तिचे तास मोजायला बसला. कुणी म्हणालं, कोटींनी पैसे घेते तर राबायला काय होतं? कुणी म्हणालं, लेकुरवाळी आहे, बरोबर आहे तिचं. तिने स्वतः सांगितलं, की कितीतरी पुरुष सुपरस्टार वर्षानुवर्षं आठच तास काम करतात, त्याची बातमी होत नाही. हे खरं आहे. नावं घेत नाही, पण अशा सेटवर मी उभी राहिलेली आहे. साहेब सहाला निघणार, हे चहा देणाऱ्या पोरालाही पाठ असतं आणि कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

मी केशभूषा करते. नव्वदच्या दशकात मावशीच्या हाताखाली शिकले. ती नाटकांसाठी टोप आणि गंगावनं बनवायची. तेव्हापासून मराठी-हिंदी सिनेमे, मालिका, जाहिराती, आता वेब सिरीज. या कामात एक सोय आहे. नायिकेच्या डोक्याला हात लागतो तो आमचा, तिच्या आईचं काम करणाऱ्या बाईच्या डोक्यालाही आमचाच, आणि लग्नाच्या सीनमध्ये मागे उभ्या असलेल्या पंचवीस बायकांचे गजरे माळायचे असतात तेही आम्हीच. वरपासून खालपर्यंत सगळ्याजणी आमच्यासमोर बसून जातात. त्यामुळे या वादात मला एक साधा प्रश्न पडला, जो टीव्हीवरच्या चर्चेत कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. आठ म्हणा नाहीतर बारा म्हणा, ते तास मोजायचे कुठून?

कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या वेळापत्रकावर, लिहिलेलं असतं, शिफ्ट नऊ ते नऊ. हिरो साडेआठला येतो. चेहऱ्याला थोडा बेस, केसांना जेल, शर्ट चढवला की गडी तयार. हिरॉईनचा कॉल साडेसहाचा. मेकअपला तास-सव्वातास, केसांना तेवढाच वेळ, मग साडी, दागिने, आरशासमोर कंटिन्युइटीचा फोटो. नऊला ती ‘ऑन सेट रेडी’ हवी, आणि मी काम केलेल्या बहुतेक ठिकाणी घड्याळ सुरू होतं ते तिथून. रात्री नऊला पॅकअप झालं की हिरो दहा मिनिटांत गाडीत. हिने अजून विग उतरवायचा आहे, कपाळावरचा गोंद स्पिरिटने पुसायचा आहे, पिना काढायच्या आहेत, दागिने ड्रेसवाल्याकडे मोजून द्यायचे आहेत. गाडीत बसेपर्यंत सव्वादहा. त्याच कॉलशीटवर, त्याच बारा तासांच्या शिफ्टमध्ये त्याचे तेरा तास भरले आणि तिचे सोळाच्या घरात गेले. शिवाय दहिसरहून मढला किंवा ठाण्याहून गोरेगावला यायचा-जायचा वेळ वेगळा.

ऐतिहासिक मालिका असेल तर विचारूच नका. नऊवारी, खोपा, त्यावर फुलं आणि सोन्याचं फूल, गळ्यात चार पदरी माळा, नथ. खोपा टिकायचा म्हणून आत जाळी, गंगावन आणि मूठभर पिना. संध्याकाळी सोडताना टाळूवर लाल ठिपके दिसतात. रोज गरम रॉड फिरवून केसांची टोकं जळतात, स्प्रेने कोंडा धरतो. वर्षभर मालिका केलेल्या मुलीचे केस हातात घेतले की मला त्यातून कामाचे दिवस कळतात. त्यात नऊवारी नेसून बाथरूमला जायचं म्हणजे पुन्हा अर्धा तास गेला, म्हणून एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक पोरगा, नम्रपणे विचारतो, “मॅम, लंचमध्ये गेलात तर चालेल?” ती पाणी पिणं बंद करते. मे महिन्यात, पत्र्याच्या छताच्या फ्लोअरवर, लाइटखाली. हे सगळं मी वरच्या दर्जाच्या, नाव पोस्टरवर असलेल्या मुलीबद्दल सांगते आहे. तिच्या खालच्यांकडे यायचंच आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. २०१४ पर्यंत मुंबईच्या सिनेमाधंद्यात बाईने मेकअप करायचा नाही, असा नियम होता. आमच्या संघटनेचाच. बाईने केस करावेत, चेहरा पुरुषानेच रंगवायचा. पन्नासहून अधिक वर्षं हे चाललं. चारू खुराणा या मेकअप आर्टिस्टने सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये कोर्टाने तो नियम मोडीत काढला. बायका आल्या तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल, हा नियमवाल्यांचा मुद्दा होता. बायकांचं पोट कुठे भरत होतं, कोण जाणे. पण या नियमाचा एक परिणाम बाहेरच्यांना दिसत नसे. मेकअपदादा पुरुष, त्याचा मदतनीस पुरुष, ड्रेसवाला पुरुष, दार वाजवून बोलवायला येणारा एडी पुरुष. पाठीला, गळ्याला, पोटाला बॉडी मेकअप लावून घेताना मेकअपच्या त्या बंद गाडीत दुसरी बाई असायची ती फक्त हेअरड्रेसर. त्यामुळे केसांचं काम संपलं तरी आम्ही बाहेर पडायचो नाही. पिना मोजत बसायचो, ब्रश पुसत बसायचो. नवी मुलगी असेल तर हळूच म्हणायची, “ताई, तुम्ही इथेच थांबा ना.” दादा लोक बहुतेक सज्जन होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, काहींनी मला मुलीसारखं वागवलं. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला आपली सुरक्षितता समोरच्याच्या स्वभावावर सोडावी लागत होती.

मोठ्या नायिकेला हा प्रश्न नसतो. तिची स्वतःची टीम असते: हेअर तिची, मेकअप तिचा, मॅनेजर, मदतनीस, बॉडीगार्ड. निर्माते याच टीमच्या खर्चावरून वर्तमानपत्रांत गळा काढतात, आणि काही वेळा त्यांचं म्हणणं रास्तही असतं. एका माणसामागे दहा माणसं आणि तीन गाड्या कशाला, हे मलाही कळत नाही. पण त्यातली हेअर आणि मदतनीस बाई यांना मी चैनीत मोजणार नाही. त्या आहेत म्हणून ती गाडीचं दार लावून निवांत बसू शकते. नव्या मुलीला हे कुणी देत नाही. तिला प्रॉडक्शनची हेअर, म्हणजे मी, आणि माझ्याकडे त्या दिवशी आणखी चारजणी.

आता मुद्द्याचं. नायिकेला आठ तास मिळाले, तर खालच्यांचेही कमी होतील, असं अनेकांना वाटतं. सेटवर होतं उलटं. स्टार सहाला गेली, की तिच्यासमोर उभ्या असलेल्या बाईचे क्लोजअप राहिलेले असतात. ते मग रात्री घेतात. समोर नायिका नसते. फ्रेममध्ये तिचा खांदा दिसायला हवा असेल तर डुप्लिकेटला तिचा विग चढवून उभं करतात, आणि संवाद कोण देतं? सहायक दिग्दर्शक, कागदावरून, सपाट आवाजात. सिनेमातला सगळ्यात जड रडण्याचा प्रसंग मी रात्री साडेदहाला अशा कागदी आवाजासमोर होताना पाहिला आहे. ती बाई सकाळी आठला आली होती. तिचा पहिला शॉट संध्याकाळी सातला लागला. मधल्या वेळात ती मेकअप सांभाळत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, कारण आडवं झालं तर केस बिघडतात.

म्हणून दीपिकाने मागितलं त्यात मला गैर काही दिसत नाही, मात्र तेवढ्यावर विषय संपवला तर तो फक्त तिचाच फायदा ठरेल. तास ठरवायचे तर सबंध कॉलशीटचे ठरवा. पहिल्या माणसाच्या कॉलपासून शेवटच्या माणसाच्या सुट्टीपर्यंत.

माझ्या मते आमच्याकडे सगळ्यात उघड्यावर आहे ती मधली पायरी. हे ऐकून लोकांना नवल वाटतं. वरच्यांकडे वकील आहे, मॅनेजर आहे, नकार द्यायची ऐपत आहे. अगदी खालच्या ज्युनियर आर्टिस्टकडे, निदान कार्ड असेल तर, संघटना आहे. ‘महिला कलाकार संघ’ ही त्यांची वेगळी संघटना, तिचे दर ठरलेले, शिफ्ट ठरलेली, पुढे थांबवलं तर जादा पैसे. ते पुरेसे नाहीत, पण मागायला कागद आहे. मधलीकडे काय आहे? नायकाची मावशी, शाळेतली बाई, वकीलबाई, शेजारीण, पहिल्या भागात मरणारी मोठी बहीण. चार सीन, सहा दिवस. तिला फोन येतो: “मॅम, अठरा ते तेवीस आपल्यासाठी ब्लॉक ठेवा.” ती ठेवते. त्या तारखांना आलेलं दुसरं काम सोडते. सतरा तारखेला रात्री मेसेज येतो, शेड्युल पुढे गेलं. त्या सहा दिवसांचे पैसे कुणी देत नाही, कारण लिहून काहीच दिलेलं नव्हतं.

माझ्या ओळखीची एक अभिनेत्री आहे, राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक मिळवलेली. आता पन्नाशीत. ती सेटवर येते तेव्हा हातात मोठी बॅग असते. त्यात तिच्या स्वतःच्या सहा साड्या, मॅचिंग ब्लाउज, दोन मंगळसूत्रं, चपला. नायिकेचे कपडे डिझायनर करतो; हिला प्रॉडक्शन सांगतं, “कॉटनच्या, थोड्या डल, तुमच्याच असतील ना, आणाल का?” एकदा सीन होता पावसाचा, त्यात तिची इरकल गेली. भरपाईचं बोलली तर पुढच्या खेपेला फोन आला नाही. तिने गाडी नसल्यामुळे रात्री अकराला फिल्मसिटीच्या गेटवर रिक्षा शोधली, तेव्हा मी बरोबर होते. आम्ही दोघींनी मिळून गोरेगाव स्टेशन गाठलं. नायिकेला सोडायला गाडी, ज्युनियर मुलींना त्यांच्या को-ऑर्डिनेटरने आणलेली बस. मधली बाई दोन्हीत बसत नाही.

मग पैसे. मालिकांमध्ये नव्वद दिवसांची पद्धत आहे. महिनाभर काम करा, महिनाअखेरीला बिल द्या, त्यानंतर नव्वद दिवसांनी चेक. एक जानेवारीला रडलेल्या रडण्याचे पैसे एप्रिलच्या शेवटी. तोवर घरभाडं, मुलाची फी, आणि हो, चेहरा-केस नीट राखण्याचा खर्च तिचा तिनेच करायचा. नाटकात हे नाही, हे आपल्या मराठी रंगभूमीचं मला कौतुक वाटतं. प्रयोग झाला की नाईटचं पाकीट त्याच रात्री हातात. नाट्यगृहाची स्वच्छतागृहं कशी असतात ते सांगायला नको, बस पंक्चर होते, रात्री अडीचला वडापाव खावा लागतो, पण पाकीट मिळतं. धंदा तोट्याचा असूनही नाटकवाल्याला जे जमतं, ते रोज जाहिराती दाखवणाऱ्या मालिकेला का जमू नये?

मधल्या पायरीवर आयुष्यातली किती वर्षं जातात, याचा हिशोब केला की प्रश्नाचं खरं वजन कळतं. नायिका म्हणून बाईला मिळतात ती मोजकी वर्षं. रीमा लागूंचा जन्म १९५८चा. ‘मैंने प्यार किया’मध्ये त्या सलमान खानची आई झाल्या तेव्हा, १९८९ मध्ये, त्यांना बत्तीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती, तो त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. दहा वर्षांनी ‘वास्तव’मध्ये त्या संजय दत्तची आई होत्या, आणि तो त्यांच्याहून जेमतेम एका वर्षाने लहान. काम त्यांनी असं केलं की आपण वय विसरलो. २०१७च्या मे महिन्यात त्या गेल्या, तेव्हाही एका हिंदी मालिकेत त्यांचं काम चालू होतं. रीमाताईंना मान होता, त्यांच्यापुढे आवाज चढवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पण तिशीत आई झालेली साधी अभिनेत्री पुढची तीस वर्षं त्याच खुर्चीत काढते, वर जाण्याची आशा संपलेली आणि घरी बसणं परवडत नाही अशा अवस्थेत. नकार द्यायचा म्हणजे काय, हे तिला विचारा.

आता गर्दीतल्या मुली. त्यांच्यात आपसात दर्जे आहेत. पार्टीच्या सीनला, विमानतळाच्या सीनला ‘डिसेंट’ मुली लागतात; त्यांचा दर जास्त, कपडे त्यांचेच. बाजार, मोर्चा, रुग्णालय यांना बाकीच्या. दर संघटनेने ठरवलेला असला तरी मध्ये को-ऑर्डिनेटर असतो आणि त्याचं कमिशन कापून उरलेलं हातात पडतं. कार्ड नसलेल्या मुली हल्ली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून येतात. त्यांना दर नाही, शिफ्ट नाही, काही वेळा सिनेमाचं नावही माहीत नसतं. व्हॅनिटी व्हॅनचा प्रश्न तर इथे हास्यास्पद होतो. नायकाला सिंगल डोअर, म्हणजे सगळी गाडी एकट्याची. नायिकेला तशीच किंवा डबल डोअरमधला अर्धा भाग. चरित्र अभिनेत्री तिघी-चौघी मिळून थ्री डोअरच्या एका खणात. ज्युनियरना तंबू, तोही स्त्री-पुरुष मिळून एकच असू शकतो. कपडे बदलायचे तर दोघी साडीचा आडोसा धरतात, तिसरी बदलते. असा आडोसा मी किती वेळा धरला असेल!

केरळमध्ये यावर सरकारी समिती बसली, म्हणून निदान लिहिलं तरी गेलं. २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर गाडीत अत्याचार झाला, त्यानंतर तिथल्या सिनेमातल्या बायका एकत्र आल्या आणि सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांची समिती नेमली. समितीत जुन्या अभिनेत्री शारदा होत्या. अहवाल २०१९च्या डिसेंबरअखेर सरकारला दिला गेला आणि जनतेला दिसला थेट ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग झाकून. लैंगिक छळाच्या भागावर खूप बोललं गेलं, ते योग्यच होतं. मला मात्र शौचालयाची पानं वाचून वाटलं, हे आमच्या मढच्या बंगल्यांबद्दल, आमच्या वाईच्या घाटाबद्दलही लिहिलेलं असू शकतं. आउटडोअरला जागा नसते, म्हणून बायका पाणी पीत नाहीत, तासन्‌तास लघवी दाबून ठेवतात, त्यातून जंतुसंसर्ग होतो. पाळीच्या दिवसांत तर हाल विचारू नका. ज्युनियर मुलींना तर तिथे माणूस म्हणूनही मोजत नाहीत, असाच एकूण सूर त्या पानांतून निघतो. महाराष्ट्रात अशी समिती बसल्याचं मी ऐकलं नाही. आपल्याकडे सगळं छान आहे म्हणून असेल.

कायद्याचं काय, असं वाचक विचारतील. कायदे आहेत हो. सिनेकामगारांसाठी १९८१चा कायदा होता, त्यात लेखी करार सक्तीचा होता. पण तो मूळ कायदा फक्त चित्रपटांपुरता, आणि महिन्याला सोळाशे किंवा ठोक पंधरा हजार रुपयांपर्यंत कमावणाऱ्यांपुरता. मालिका त्यात नव्हत्याच. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या कामगार संहिता लागू केल्या. त्यांत दृकश्राव्य कामगार अशी वर्गवारी आहे, त्यात दूरचित्रवाणी आणि वेब सिरीजही धरल्या आहेत. करारात कामाचे तास, सुरक्षितता, सोयी लिहायच्या आहेत. कमाईची मर्यादा मात्र इथेही सरकारने ठरवायची आहे, आणि ती कमी ठेवली तर मधली बाई पुन्हा बाहेर.

बाळंतपणाचं तर आणखी विचित्र. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने घोड्यांच्या आणि कसरतींच्या खेळांत काम करणाऱ्या बायकांनाही हक्क दिला होता, म्हणजे सर्कशीतली बाई कायद्याला दिसत होती. पण अट अशी, की त्याच मालकाकडे वर्षभरात ऐंशी दिवस काम केलेलं हवं. सिनेमातल्या बाईचा मालक दर सहा दिवसांनी बदलतो. गरोदर आहे म्हटल्याबरोबर मालिकेतलं पात्र परदेशी पाठवलं जातं किंवा जिन्यावरून पडतं. नायिकेची बातमी होते, ती काही महिन्यांनी परत येते. मधलीच्या जागी दुसरी आलेली असते आणि प्रेक्षकही दोन आठवड्यांत विसरतात.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा सेटलाही लागू आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तर स्पष्टच सांगितलं, की प्रत्येक निर्मिती युनिटमध्ये अंतर्गत समिती हवी. मोठ्या ओटीटी कंपन्यांच्या सेटवर पहिल्या दिवशी सगळ्यांना बसवून समजावतात, कॉलशीटच्या तळाशी फोन नंबर छापतात. याने फरक पडतो, मी पाहिला आहे; स्पॉटदादासुद्धा बोलताना जपतात. पण त्याच कायद्यात तक्रार करायची मुदत साधारण तीन महिने आहे, कारण दिलं तर समिती आणखी तीन वाढवून देऊ शकते. आणि आमचे पैसे मिळतात नव्वद दिवसांनी. जरा हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ज्या माणसाकडून चेक यायचा आहे, त्याच्याच युनिटविरुद्ध तक्रार करायची, तीही चेक यायच्या आत. मधली बाई काय ठरवेल? ती मोठ्या हिमतीची असली तरी आधी भाडं भरेल. नव्वद दिवसांची पद्धत हा नुसता हिशेबखात्याचा विषय आहे असं कुणी म्हणालं, तर माझा विश्वास बसत नाही.

आणि हे सगळं काल सुरू झालेलं नाही. ‘कुंकू’ची नायिका शांता आपटे १९३९ मध्ये पगाराच्या वादावरून पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकासमोर उपोषणाला बसल्या होत्या. त्या वेळी त्यांचं नाव देशभर होतं. पुढच्या वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि झगमगाटाऐवजी सिनेमाचा कारखाना कसा चालतो, त्यात माणसं कशी झिजतात, ते मांडलं. ते पुस्तक आज दुकानात सहजी मिळत नाही, याला काय म्हणावं? ललिता पवारही आधी नायिका होत्या. १९४२ मध्ये सेटवर सहकलाकाराची थप्पड जरा जास्तच जोरात लागली, चेहऱ्याला लकवा झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला, उपचारांत वर्षं गेली. त्या परतल्या त्या खाष्ट सासू म्हणून, आणि आपण त्या डोळ्याला टाळ्या वाजवल्या. कामाच्या जागी झालेली दुखापत होती ती. आज स्टंट करणाऱ्या अनेकांचा विमा असतो. घागरा घालून सातव्यांदा पायऱ्यांवरून धावणाऱ्या नाचणाऱ्या मुलीचा असतोच असं नाही.

निर्मात्यांची बाजू मी ऐकलेली आहे, चहाच्या कपासोबत, खूपदा. मराठी सिनेमाला थिएटर मिळत नाही, तीस दिवसांत शूटिंग उरकावं लागतं, एक दिवस वाढला की कर्ज वाढतं. खोटं नाही. घरावर तारण ठेवून सिनेमा काढलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांना खलनायक म्हणणं मला जमणार नाही. पण खर्च कमी करायचा तर तो दर वेळी बाईच्या झोपेतून आणि तिच्या लघवीतूनच कापायचा, हे कुठलं अर्थशास्त्र? जनरेटर व्हॅन भाड्याने येतेच, तशी शौचालयाची व्हॅनही येते. तिचं भाडं पहिल्या दिवशीच्या पूजेच्या हारफुलांइतकं कमी नसेल, पण नायकाच्या एका दिवसाच्या जिमवाल्यापेक्षा जास्तही नसेल.

दुसरं म्हणजे सरकारचा हात इथे पोचतो, तो पोचवायचा नाही असं ठरवलं असेल तर वेगळी गोष्ट. महाराष्ट्र सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देतं, ‘अ’ आणि ‘ब’ दर्जा देऊन. गोरेगावची आणि कोल्हापूरची चित्रनगरी सरकारचीच आहे. अनुदानाच्या अर्जाला गठ्ठाभर कागद जोडावे लागतात, निर्माते ते जोडतातही. त्यात आणखी दोन कागद मागा. एक, दर दिवसाचं कॉलशीट, ज्यात प्रत्येक स्त्री कलाकाराची खुर्चीत बसल्याची वेळ आणि गाडीत बसल्याची वेळ असेल. ज्युनियर मुलींची आणि आमच्या खात्यातल्या बायकांचीही. दोन, चरित्र कलाकारांचे पैसे कोणत्या तारखेला दिले त्याची बँकेची नोंद. परीक्षक समिती सिनेमाची पटकथा, संगीत, छायाचित्रण पाहते, तशी हेही पाहील. चित्रनगरीने फ्लोअर भाड्याने देताना कपडे बदलायची खोली आणि वाहतं पाणी असलेलं शौचालय दाखवल्याशिवाय चावी देऊ नये.

हे सुचवलं तेव्हा एका ओळखीच्या निर्मात्याने मला विचारलं, “ताई, वेळा लिहिणार कोण? एडी पोरं आधीच मेटाकुटीला आलीत.” मी म्हटलं, आम्ही लिहू. सकाळी पहिली बाई खुर्चीत बसते तेव्हा आम्ही तिथे असतो, आणि शेवटची पिन निघते तेव्हाही. वही आमच्याकडे असतेच, कंटिन्युइटीची. फक्त शेवटच्या पानावर निर्मात्याची सही लागेल. त्यावर तो म्हणाला, विचार करतो.